रजा मंजूर, काम चालू

चिरंजीवांना गुरुवारी रजा हवी होती. त्या दिवशी त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. अप्पांनी उभी हयात जमीनमोजणी खात्यात काढली आणि कुणाकडे कधी काही मागितलं नाही. मात्र डॉक्टरांनी तारीख सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आत नेताना हा शेजारी असला म्हणजे झालं." 'हा' म्हणजे चिरंजीव. अप्पा चारचौघांत मुलाचा उल्लेख 'चिरंजीव' याच शब्दाने करत आल्यामुळे साऱ्या इमारतीत तो रूढ झाला होता आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

रजा मागणं ही नोकरीतली सर्वांत जुनी रीत आहे. तिला मागणारा एक लागतो आणि देणारा एक लागतो. मागणारा तयार होता. देणारा कोण, हा प्रश्न चिरंजीवांना तोवर कधी पडला नव्हता, कारण पगार वेळेवर होत होता आणि पगार वेळेवर होत असलेल्या माणसाला तत्त्वज्ञान सुचत नाही.

चिरंजीवांचं काम असं की, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी ते बोलत. लिफ्ट मध्येच थांबली की आतला माणूस घंटेचं बटण दाबतो आणि भिंतीतून आवाज येतो, "घाबरू नका. मदत निघाली आहे." तो आवाज चिरंजीवांचा. लिफ्ट बनवणारी कंपनी सातासमुद्रापलीकडची. तिच्या लिफ्टा जगभर होत्या आणि जगभर अडकत होत्या. माणूस ज्या भाषेत घाबरेल त्याच भाषेत त्याला धीर द्यावा, असं कंपनीचं उदार धोरण होतं. त्यासाठी चिरंजीव घरच्या मागच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाला पाठ लावून, कानाला हेडफोन अडकवून बसत. ती दोन वाक्यं सर्वांत आधी म्हणायची, मग बाकीचं. मदत कधी पोहोचेल ते सांगायचं नाही. अडकलेल्या माणसाशी खाजगी बोलायचं नाही.

आता, परक्या देशात माणसं नोकरीला ठेवायची तर तिथले कायदे पाळावे लागतात, असं लिफ्टवाल्यांना कोणीतरी सांगितलं होतं आणि ते वकिलांकडे धावले होते. तेव्हा त्यांना एक दुसरी कंपनी भेटली. तिच्या जाहिरातीत एकच ओळ होती : 'माणसं तुम्ही वापरा. मालक आम्ही होतो.' नेमणूकपत्र हिचं, पगार हिच्या हातून, विमा हिच्या नावाने. काम, वेळा आणि ओरडा मात्र लिफ्टवाल्यांचा. ही दुसरी कंपनी काय करते, असं कुणी विचारलं की चिरंजीव प्रामाणिकपणे सांगत, "ती मालक असते." पूर्ण वेळ तेच करते, त्यामुळे तिला इतर कामांना सवड नसे. आपण तिला मालकवाले म्हणू.

अप्पांना यातलं काही कळत नसलं तरी अभिमान पुरेपूर होता. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन व्हायचं होतं तिथली लिफ्ट नेमकी याच कंपनीची निघाली. तपासणीला गेले असताना त्यांनी दारावरच्या पाटीवर काठी टेकवून लिफ्टमधल्या सगळ्यांना सांगितलं होतं, "ही आमच्या चिरंजीवांची लिफ्ट."

तर चिरंजीवांनी आधी लिफ्टवाल्यांना विचारलं. त्यांच्याकडून चिरंजीवांच्या गटावर देखरेख करायला एक बाई होत्या. स्वभावाने चांगल्या. पडद्यावर रोज दिसत.

"रजा?" बाई म्हणाल्या, "पण हे तुम्ही मला विचारणं बरोबर नाही. मी तुमची मालक नाही."

"मॅडम, रोज किती वाजता बसायचं ते तुम्हीच सांगता ना?"

"सांगत नाही. सुचवते. आमच्या वकिलांनी तो शब्द बदलून दिला आहे."

"मग गुरुवारी बसू नका, असं सुचवा."

बाई विचारात पडल्या. "तसं केलं तर ती रजा होते. आणि रजा देतो तो मालक. उद्या तुमच्या कायद्याने आम्ही मालक ठरलो, तर ते केवढ्याला पडेल?"

"माझ्या वडिलांचं ऑपरेशन आहे हो."

बाई जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "मला त्यांची चौकशी करायला आवडली असती. पण माणसाच्या घरच्यांची विचारपूस करणं हे वकिलांच्या मते मालकीचं लक्षण आहे. मी आता कॅमेरा बंद करते. बंद कॅमेऱ्यामागे मी काय करते त्याची नोंद राहत नाही." मग पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. पलीकडे कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला. चिरंजीवांना बरं वाटलं, पण रजा मिळाली नव्हती.

त्यांनी मालकवाल्यांना फोन लावला. तिथे 'कर्मचारी समाधान अधिकारी' अशा हुद्द्याचे एक गृहस्थ होते. आवाजात इतका उत्साह की ऐकणाऱ्याला दम लागावा.

"गुरुवार ना? मंजूर," अधिकारी म्हणाले.

चिरंजीवांचे डोळे भरून आले. "म्हणजे मी हॉस्पिटलला जाऊ?"

"अवश्य जा. काम आटोपलं की जा."

"पण रजा आहे ना?"

"रजा आमची आहे. त्यामुळे आमच्याकडचं काम तुम्ही त्या दिवशी करायचं नाही. आमच्याकडे तुम्हाला काय काम असतं?"

"काहीच नाही."

"ते करू नका."

"आणि लिफ्टवाल्यांचं?"

"ते आम्ही कसं सांगणार? ते काम काय असतं हेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असणं करारात बसत नाही."

"तुम्ही त्यांच्याशी एकदा बोलाल का?"

"अहो, ते आमचे ग्राहक. त्यांना माणूस दिला आम्ही. दिलेला माणूस ऐन गुरुवारी परत मागायचा, हे शोभतं का?" मग अधिकाऱ्यांचा आवाज एकदम खाली आला. "आपलं म्हणून सांगतो. मी तरी इथला कुठे आहे? मला या खुर्चीवर तिसऱ्याच कंपनीने बसवलंय. माझ्या लग्नाला मलाही रजा मंजूर झाली होती."

"मग?"

"बायको अजून बोलून दाखवते. सगळ्या फोटोंत मी हेडफोन लावून आहे म्हणे."

सरळ दांडी मारावी, हा विचार चिरंजीवांच्या मनात आला नाही असं नाही. पण लिफ्टवाल्यांची यंत्रणा मोठी तत्पर होती. खुर्चीवरून घंटेला उत्तर आलं नाही, की ती खुर्ची रिकामी समजून दुसऱ्याला देऊन टाकत असे. कोणी काढलं, असं विचारायला जावं तर काढणाराच नसे. आणि खुर्चीबरोबर विमा जाई. ऑपरेशन त्या विम्यावर होणार होतं. म्हणजे ऑपरेशनला हजर राहावं तर ऑपरेशन राहत नव्हतं, आणि ऑपरेशन व्हावं तर हजर राहता येत नव्हतं. ही आखणी कोणा एका माणसाने केली असती तर त्याला चार शब्द तरी सुनावता आले असते.

राहता राहिली चिरंजीवांची बायको. ती शाळेत शिकवत होती आणि परीक्षा तोंडावर आल्या होत्या. तिने रजा मागितली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून बघत "मिळणार नाही" असं तोंडावर सांगितलं. ती रडकुंडीला येऊन घरी आली. चिरंजीवांना तिचा हेवा वाटला.

"तुला नाही म्हणायला माणूस तरी आहे," ते म्हणाले.

"मग मी काय पेढे वाटू?" ती म्हणाली. "अप्पांबरोबर कोण जाणार, ते सांगा."

दोघांचीही नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथे मावशी अप्पांच्या पायाला तेल चोळत होत्या. अप्पा घसरून पडले तेव्हापासून मावशी दिवसभर घरी असत. आजारी माणसांकडे बायका पाठवणाऱ्या एका ब्युरोतून त्या आल्या होत्या. त्यांचे पैसे ब्युरोला जात, ब्युरो आपला वाटा काढून घेऊन उरलेले त्यांना देत असे. अप्पांचा त्यांच्यावर जीव होता. त्या नसल्या की अप्पा जेवणाच्या ताटाला नावं ठेवत.

"मावशी जातील," चिरंजीव म्हणाले. घोडं एकदाचं गंगेत न्हालं, अशा सुरात त्यांनी खुर्ची फिरवली आणि हेडफोन लावला.

संध्याकाळी मावशी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "दादा, जरा विचारायचं होतं. मुलीला याच आठवड्यातली तारीख दिलीय डॉक्टरांनी. पहिलंच बाळंतपण आहे. घाबरलीय पोर. मला चार दिवस सुट्टी मिळाली तर तिच्याजवळ जाऊन राहीन म्हणते."

"मावशी, माझी काहीच हरकत नाही," चिरंजीव कळवळून म्हणाले, "पण तुम्ही आमच्या नाहीत ना. तुम्ही ब्युरोच्या. ब्युरोला विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, आम्ही कुठे काम देतो, काम तर घरचे देतात. घरच्यांनी सोडलं तर जा."

"असं कसं म्हणतात ते? मालक कोण? तुम्ही पुन्हा..." तेवढ्यात कानात घंटा वाजली. चिरंजीवांनी बोट वर करून मावशींना थांबवलं, मान वळवली आणि शांत, सरावलेल्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका. मदत निघाली आहे."

ते आपल्याला म्हणाले की आणखी कुणाला, हे न कळून मावशी थोडा वेळ दारातच उभ्या राहिल्या. मग अप्पांनी हाक मारली म्हणून आत गेल्या.

बुधवारी चिरंजीवांनी अखेरचा उपाय म्हणून दोन्ही कंपन्यांना एकाच पडद्यावर आणलं. लिफ्टवाल्यांच्या बाई होत्या, समाधान अधिकारी होते, आणि दोघांचे वकील होते. वकिलांची मतं मात्र इतकी जुळली की ते एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. चर्चा अत्यंत खेळीमेळीत झाली. चिरंजीवांना गुरुवारी रजा आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. चिरंजीव गुरुवारी कामावर असतील, याबद्दलही नव्हतं. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानाव्यात, असं ठरलं. समाधान अधिकाऱ्यांनी चिरंजीवांना विचारलं, "आता समाधान झालं ना?" चिरंजीव उत्तर देण्याच्या बेतात होते, पण प्रश्नाखालच्या 'होय' या खुणेवर यंत्रणेने आधीच बोट ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी अप्पा निघाले. चिरंजीव इमारतीच्या दारापर्यंत गेले, त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली. "काम आटोपलं की येतो, अप्पा."

"ये सवडीने," अप्पा म्हणाले. "मी काय, झोपवणारच आहेत मला." ते हसले आणि टॅक्सीत बसताना त्यांनी मावशींचा हात घट्ट धरला. मावशींच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि तो त्या सारखा बघत होत्या. चिरंजीवांनी ते पाहिलं. मग वर येऊन ते कपाटाला पाठ लावून बसले. रजा सुरू झाली.

दुपारच्या सुमाराला घंटा वाजली.

"घाबरू नका. मदत निघाली आहे," चिरंजीव म्हणाले. "आपण कुठून बोलताय?"

पलीकडून आवाज आला, "दादा?"

आवाज मावशींचा होता. अप्पांना वॉर्डातून ऑपरेशनच्या मजल्यावर नेताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली होती. आत चाकाच्या खाटेवर अप्पा, खाट ढकलणारा मदतनीस आणि मावशी.

"कोण आहे हो?" अप्पांचा आवाज.

"दादा आहेत, अप्पा."

"आला का? कुठे आहे?"

"भिंतीत आहेत."

"बरं झालं," अप्पा म्हणाले. ऑपरेशनआधी दिलेल्या औषधाने त्यांची जीभ जड झाली होती. "म्हणत होता, जमायचं नाही."

चिरंजीवांना हुंदका आला. तो त्यांनी गिळला, कारण संभाषणाचं ध्वनिमुद्रण होत होतं. समोर नेमून दिलेले प्रश्न उमटले होते आणि ते विचारल्याशिवाय यंत्रणा मेकॅनिकला निरोप देत नसे. "आत एकूण किती माणसं आहेत?"

"तिघं," मावशी म्हणाल्या.

"कुणाला काही आजार आहे?"

"अरे, तुला माहीत नाही का?" अप्पा म्हणाले.

"विचारावं लागतं, अप्पा."

"असू दे. काम नीट कर. सगळं विचार."

चिरंजीवांनी सगळं विचारलं. मेकॅनिकला निरोप गेला आणि तो लगेच पोहोचलाही. हॉस्पिटलच्या फाटकाशी मात्र त्याला रखवालदाराने अडवलं. मेकॅनिक लिफ्टवाल्यांचा नव्हता, एका ठेकेदाराचा होता. रखवालदार हॉस्पिटलचा नव्हता, दुसऱ्या ठेकेदाराचा होता. आत सोडण्याची चिठ्ठी ज्या खिडकीवर मिळायची तिथली मुलगी तिसऱ्याच कुणाची होती आणि तिला चिठ्ठ्या देण्याचं काम होतं, सही करण्याचं नव्हतं. मेकॅनिकने हत्यारांची पेटी खाली ठेवली. रखवालदाराने त्याला पाणी दिलं. एकमेकांच्या अडचणी दोघांनाही पूर्ण पटल्या, आणि माणसाला माणूस समजून घेतो म्हणतात ते हेच.

तेवढा सारा वेळ चिरंजीव भिंतीत होते. नियम धाब्यावर बसवून ते अप्पांशी बोलत राहिले. लहानपणी अप्पा त्यांना मोजणीला शेताशेतांतून घेऊन जात आणि साखळीचं टोक धरायला देत, त्याबद्दल बोलले. अप्पा मध्येच डुलकी घेत आणि दचकून विचारत, "आहेस ना?" चिरंजीव म्हणत, "आहे." मदतनीस घामाने निथळत होता. मावशी अप्पांच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. त्यांचा फोन लिफ्टमध्ये मुका झाला होता.

शेवटी मेकॅनिक फाटकावरून आत कसा आला, ते कुणीच सांगायला तयार नाही. बहुधा रखवालदाराने तोंड फिरवलं असावं, पण तसं सिद्ध झालं तर त्याची नोकरी जाईल, म्हणून आपणही ते इथे म्हणत नाही. लिफ्ट हलली. दार उघडताना अप्पा म्हणाले, "आत नेताना शेजारी होतास. झालं तर मग." आणि संभाषण तुटलं.

ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळ होण्याच्या आत चिरंजीवांना दोन ताकिदी आल्या. लिफ्टवाल्यांनी सुचवलं होतं की, अडकलेल्या ग्राहकाला 'अप्पा' म्हणणं हे सेवेच्या दर्जात बसत नाही. मालकवाल्यांनी कळवलं होतं की, मंजूर रजेच्या दिवशी काम केल्याचं आढळलं असून ही गंभीर बाब आहे. समाधान अधिकाऱ्यांनी खाली स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं, 'विश्रांती घेत चला.'

चिरंजीव तडक हॉस्पिटलात पोहोचले. एवढे संतापलेले आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जिने चढताना ते मोठ्यामोठ्याने बोलत होते. माणसाने राबायचं एकासाठी आणि विचारायचं दुसऱ्याला, हा कुठला न्याय? ज्याच्या डोळ्यांसमोर माणूस रोज वावरतो, त्याने तरी म्हणावं की जा बाबा, मी बघतो. तेवढं म्हणायला कुठला कायदा लागतो? बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने तर "अगदी बरोबर" म्हणून काठी आपटली.

खोलीत अप्पा गाढ झोपले होते. शेजारच्या स्टुलावर मावशी बसल्या होत्या. चिरंजीवांना पाहून त्या उठल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"दादा, मुलगी झाली. माझ्या मुलीला. आपण लिफ्टमध्ये होतो ना, तेव्हाच." मग त्या जरा अडखळल्या. "तिकडे तिच्याजवळ बाईमाणूस कुणी नाही. आता तुम्ही आलाच आहात. मी जाऊ का?"

चिरंजीवांचं मन भरून आलं. दिवसभर त्या अप्पांजवळ होत्या, हे ते जन्मात विसरणार नव्हते. त्यांनी हात जोडले. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात उद्याची सकाळ त्यांच्या डोळ्यांसमोर आली. सकाळी पुन्हा खुर्चीवर बसायचं होतं. अप्पांना बेडपॅन लागणार होतं.

"मावशी, अभिनंदन. मनापासून," ते म्हणाले. "माझी काहीच हरकत नाही हो. पण मी परस्पर जा म्हणालो आणि उद्या ब्युरोने मला धरलं तर? मालक ते आहेत. तुम्ही असं करा, ब्युरोला एकदा विचारून घ्या."

"ब्युरो सहाला बंद होतं," मावशी म्हणाल्या.

"मग उद्या विचारा." चिरंजीवांनी त्यांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. "आणि काळजी करू नका. होईल काहीतरी."

मावशी पुन्हा स्टुलावर बसल्या. आमच्या माहितीप्रमाणे त्या अजून तिथेच आहेत.

वाचकहो, तुम्हाला चिरंजीवांचा राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही सहृदय माणसं आहात. तेव्हा हे वाचन आता बाजूला ठेवा आणि जरा मागे वळून बघा. तुमच्या दाराशी मघापासून कोणीतरी उभं आहे आणि तुमचं वाचून होण्याची वाट बघतं आहे. बहुधा तिला सुट्टी हवी असेल. काय सांगायचं, ते तुम्हाला पाठ आहेच.